दोन गुणांचा क्षारसेतू

बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात विद्युतरसायनाच्या धड्यात एक आकृती असते. डावीकडे एक चंचुपात्र, उजवीकडे दुसरे. एकात जस्ताची पट्टी, दुसऱ्यात तांब्याची. दोन्ही पट्ट्या वरून तारेने जोडलेल्या, आणि दोन्ही पात्रांत एकेक पाय सोडून बसलेली काचेची उलटी वाकडी नळी. या नळीला इंग्रजीत ‘सॉल्ट ब्रिज’ म्हणतात. शालेय पुस्तकांच्या परिभाषेत मीठवर्गीय पदार्थांना क्षार म्हणतात म्हणून आपण तिला क्षारसेतू म्हणू. विश्वकोशाच्या परिभाषेप्रमाणे ती लवणसेतू होईल. ‘क्षारसेतूची कार्ये लिहा’ हा या आकृतीवरचा प्रश्न क्लासवाले तारांकित करून देतात. गुण दोन. विद्यार्थी दोन वाक्ये पाठ करतो, दोन गुण मिळवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

अनेक वर्षे हा विषय शिकवताना आणि पुढे प्रात्यक्षिक परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून जाताना मी हा प्रश्न तोंडी परीक्षेत आवर्जून विचारत आलो आहे. उत्तर बहुधा अचूक येते आणि ते इंग्रजीत येते: ‘इट मेंटेन्स इलेक्ट्रिकल न्यूट्रॅलिटी, सर.’ मग मी विचारतो, ‘बरं, चालू घटातून हा सेतू उचलून घेतला तर काय होईल?’ आणि शांतता पसरते. कोणी म्हणते वीज कमी होईल, कोणी म्हणते शॉक बसेल, कोणी प्रामाणिकपणे सांगते की सर, आम्ही तो प्रत्यक्ष पाहिलेलाच नाही. शेवटचे उत्तर ऐकले की मला त्या मुलाला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात. कारण प्रश्न त्याला विचारण्याचा नसतोच, तो आपल्याला विचारण्याचा असतो. ज्या वस्तूला पाच-पंचवीस रुपयांचे साहित्य लागते, जी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तयार होते, ती विज्ञान शाखेतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलाने एकदाही पाहिलेली नसावी, हे कसे घडते?

मोरचुदात बुडालेले जस्त

हा सेतू का लागतो ते आधी नीट समजून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी सुरुवात सेतू नसलेल्या प्रयोगाने करावी. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्ष बागायतदारांच्या घरी आणि कोकण-गोव्यातल्या सुपारीवाल्यांकडे हे निळे खडे असतातच. चुन्याबरोबर ते मिसळले की बोर्डो मिश्रण होते. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात जस्ताची पट्टी बुडवून ठेवली तर थोड्याच वेळात पट्टीवर तपकिरी-काळपट थर चढू लागतो. तो तांब्याचा थर असतो. हळूहळू पाण्याचा निळेपणा उतरतो आणि पेला किंचित कोमट लागतो.

घडते ते असे. जस्ताचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन बनून पाण्यात उतरतो. पाण्यातला तांब्याचा आयन ते दोन इलेक्ट्रॉन उचलतो आणि धातू बनून पट्टीवर बसतो. देवाणघेवाण जागच्या जागी होते, हातातून हातात. या व्यवहारात जी ऊर्जा सुटते ती सगळी उष्णता होऊन जाते. ६५ ग्रॅम जस्त विरघळले तर आदर्श परिस्थितीत सुमारे २१२ किलोज्यूल ऊर्जा विजेच्या रूपाने मिळू शकते. येथे आपल्याला तिच्यातून फक्त कोमट पाणी मिळते.

वीज हवी असेल तर देणारा आणि घेणारा यांना वेगळे बसवावे लागते, म्हणजे इलेक्ट्रॉनांना एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तारेची लांब वाट धरावी लागेल आणि वाटेत आपण त्यांच्याकडून काम करून घेऊ. म्हणून दोन पेले. एका पेल्यात झिंक सल्फेटचे पाणी आणि जस्त, दुसऱ्यात मोरचुदाचे पाणी आणि तांबे. वरून तार जोडली. आता वीज वाहायला हवी, पण वाहत नाही.

तेलाच्या डब्याचे दुसरे भोक

ती का वाहत नाही, हे समजायला गोडेतेलाचा पत्र्याचा बंद डबा आठवावा. डब्याला एकच भोक पाडून तो तिरपा केला तर तेल थोडेसे येते आणि अडते. मग आई किंवा आजी समोरच्या कोपऱ्यात खिळ्याने दुसरे भोक पाडते. तेल त्या भोकातून येत नाही. आत जाते ती हवा. पण हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. क्षारसेतू हे घटाचे दुसरे भोक आहे.

जस्ताच्या पेल्यात जस्ताचे आयन उतरतात. त्यांच्यावर धनप्रभार असतो आणि त्यांचे इलेक्ट्रॉन तर तारेवाटे निघून गेलेले असतात. म्हणजे या पेल्यात धनप्रभार जास्त होतो. तिकडे तांब्याच्या पेल्यात धनप्रभारित तांब्याचे आयन धातू होऊन पट्टीवर बसतात आणि मागे सल्फेटचे ऋणप्रभारित आयन एकटे उरतात. तो पेला ऋणप्रभारित होतो. आता तारेतून येणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनाला ऋण पेला ढकलून लावतो आणि धन पेला सोडत नाही. व्यवहार थांबतो.

तो किती लवकर थांबतो? ढोबळ हिशेब मांडला तर एखाद्या पेल्याएवढ्या वस्तूवर व्होल्टभर विरोध उभा राहायला काही कोटी इलेक्ट्रॉनांची तफावत पुरते. काही कोटी ही संख्या मोठी वाटते, परंतु एका ग्रॅम जस्तात अणू असतात सुमारे नऊ कोटी कोटी कोटी. म्हणजे डोळ्याला सोडाच, कोणत्याही तराजूला कळणार नाही इतके जस्त विरघळते आणि घट ठप्प होतो. वीज ‘कमी’ होत नाही, ती सुरू होता होताच थांबते. तोंडी परीक्षेतल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

क्षारसेतू बसवला की त्यातले ऋण आयन जस्ताच्या पेल्याकडे सरकतात आणि धन आयन तांब्याच्या पेल्याकडे. दोन्हीकडचा जमाखर्च क्षणोक्षणी जुळत राहतो आणि तारेतून इलेक्ट्रॉन वाहत राहतात. घट नवा असेल तर दोन टोकांमधले अंतर सुमारे १.१ व्होल्ट भरते. एक ग्रॅम जस्त विरघळले की दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढेच, म्हणजे सुमारे ०.९७ ग्रॅम तांबे जमते.

येथे विद्यार्थ्यांच्या, आणि कधी कधी पुस्तके लिहिणाऱ्यांच्याही, मनात एक गैरसमज असतो. तारेतून गेलेले इलेक्ट्रॉन सेतूवरून परत येतात आणि फेरी पुरी करतात, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. इलेक्ट्रॉनांना पाण्यात मोकळे फिरता येत नाही. तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, पाण्यात आयन वाहतात, आणि या दोघांची गाठ पट्टीच्या पृष्ठभागावर पडते. सेतू स्वतः वीज निर्माण करीत नाही, अभिक्रियेत भागही घेत नाही. तो फक्त दोन्ही बाजूंचा समतोल राखतो. मात्र त्याच्याशिवाय काहीच चालत नाही.

बैलाच्या आतड्यापासून मडक्यापर्यंत

विज्ञानाचा इतिहास धड्याच्या सुरुवातीला चौकटीत छापला जातो आणि परीक्षेला नाही म्हणून वगळला जातो. वास्तविक हा सेतू मानवाला कसा सुचला हे कळले की त्याचे कारण आपोआप कळते.

इटलीत बोलोन्याच्या लुइजी गाल्व्हानीने बेडकाच्या तंगडीवर प्रयोग केले आणि १७९१ मध्ये ते प्रसिद्ध केले. तंगडीची उडी ही प्राण्याच्या अंगातली वीज, असे त्याचे म्हणणे. पाव्हियाच्या आलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटले नाही. १८०० च्या मार्चमध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपली चवड कळवली: दोन धातूंच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चकत्या, पुन्हा पुठ्ठा. जगाला प्रथमच सलग वाहणारी वीज मिळाली. परंतु या चवडीत एक खोट होती. तांब्याच्या बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे जमत आणि वीज भराभर मंदावे.

लंडनच्या किंग्ज कॉलेजातील रसायनाचे प्राध्यापक जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी १८३६ मध्ये यावर तोड काढली. तांब्याभोवती मोरचुदाचे पाणी ठेवले तर हायड्रोजनऐवजी तांबेच जमेल आणि बुडबुडे होणार नाहीत. पण मोरचूद जस्ताला भिडले तर आपण वर पाहिलेला कोमट पाण्याचा प्रकार होणार. दोन पाण्यांना वेगळे ठेवायचे आणि तरी विजेला वाट द्यायची. डॅनियलनी त्यासाठी प्रथम बैलाच्या अन्ननलिकेचे पातळ कातडे वापरले. पुढे त्याची जागा साध्या, झिलई न दिलेल्या मातीच्या भांड्याने घेतली. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून आयन सरकतात, पण दोन पाणी चटकन एकमेकांत मिसळत नाहीत. उन्हाळ्यात आपला माठ पाझरतो आणि पाणी गार करतो ते याच छिद्रांमुळे.

स्थिर आणि दीर्घकाळ वीज देणारा हा घट तारायंत्रांच्या कामी आला. घरी तार आली की हात कापत ती उघडणारी पिढी अजून आपल्यात आहे; भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या तारांमधून ज्या बातम्या धावल्या, त्यांतल्या कितीतरी अशा छिद्रमय भिंतींच्या जिवावर धावल्या होत्या.

काचेच्या नळीतला सेतू ही पुढची पायरी. नळीत पोटॅशियम क्लोराइड किंवा पोटॅशियम नायट्रेटचे दाट द्रावण असते आणि ते वाहून जाऊ नये म्हणून अगर घालून गोठवलेले असते. अगर म्हणजे आपल्या फालुद्यात आणि जेलीत पडणारे चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून काढलेले. आता पोटॅशियमच का, घरचे मीठ का नाही? मिठानेही घट चालतो. परंतु मिठातला सोडियम आयन पाण्याचे रेणू अंगाला जास्त चिकटवून चालतो, म्हणून तो क्लोराइडपेक्षा मंद असतो. एक पाय लांब आणि एक आखूड असला की चाल तिरकी होते, तसे सेतूच्या तोंडाशी थोडा नको असलेला विद्युतदाब तयार होतो. पोटॅशियम आणि क्लोराइड यांच्या चाली जवळजवळ सारख्या आहेत, म्हणून अचूक मोजमापाला तीच जोडी घेतात. द्रावणांच्या सीमेवरच्या या दाबाचे गणित वाल्थर नेर्न्स्टने १८८९ च्या सुमारास मांडले. त्याला पुढे १९२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि एका पेल्यात चांदीचे क्षार असतील तर क्लोराइड चालत नाही, कारण पांढरा साका बसून सेतूचे तोंडच बंद होते. तेव्हा नायट्रेटचा सेतू घ्यावा लागतो.

धनाग्राचा घोळ

मराठी माध्यमातून अकरावीत आलेल्या मुलांना आणखी एक अडचण येते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. फॅरेडेने १८३४ मध्ये केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाच्या सल्ल्याने ‘अॅनोड’ आणि ‘कॅथोड’ हे शब्द रूढ केले. ग्रीक भाषेत त्यांचा अर्थ चढती वाट आणि उतरती वाट असा काहीसा होतो. त्यात धन-ऋण काही नाही. आपण मराठीत अॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र केले. बाहेरून वीज सोडून पाण्याचे विघटन करताना हे शब्द चपखल बसतात. पण घट जेव्हा स्वतः वीज देतो तेव्हा अॅनोड हे ऋण टोक असते! म्हणजे मुलाला वाचावे लागते की ‘धनाग्र ऋणप्रभारित असते’. बिचारा गोंधळतो आणि पाठांतराचा आश्रय घेतो.

शब्द बदलणे आता कठीण आहे. परंतु शिकवताना एवढे सांगता येते की जेथे धातू इलेक्ट्रॉन सोडतो ते अॅनोड, जेथे घेतले जातात ते कॅथोड. टोकाची खूण मीटर सांगेल. मराठीतून विज्ञान शिकवावे असे मनापासून वाटणाऱ्यांनी भाषेच्या अभिमानाइतकीच भाषेच्या अचूकतेची काळजी घेतली पाहिजे.

हा सेतू कुठे कुठे आहे

‘हे शिकून उपयोग काय?’ असा प्रश्न पालक विचारतात आणि तो गैर नाही. उपयोग दूर शोधायला नको. शेतकरी माती परीक्षणाला देतो तेव्हा मातीचा सामू मोजला जातो. २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर तो आकडा असतो. सामूमापकाच्या काचेच्या दांडीवर खाली एक टाचणीच्या डोक्याएवढा सच्छिद्र ठिपका असतो. आत पोटॅशियम क्लोराइड, बाहेर मातीचे पाणी, आणि मधला ठिपका हा क्षारसेतू. तो ठिपका मातीने बुजला किंवा दांडी वाळली तर यंत्र आकडा दाखवत राहते, पण आकडा चुकतो. ही दांडी शुद्ध पाण्यात बुडवून ठेवू नये, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावी, हे ज्याला सेतूचे काम कळले आहे त्याला सांगावे लागत नाही. ज्याने फक्त दोन वाक्ये पाठ केली आहेत तो हमखास ‘शुद्ध’ पाणी निवडतो, आणि त्या चुकीच्या सामूवर विसंबून कोणी तरी शेतात चुना किंवा जिप्सम टाकतो.

रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तातील सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्रांतही संदर्भासाठीचे अग्र अशाच क्षारद्रावणाच्या वाटेने रक्ताला जोडलेले असते. मोबाइलच्या आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या लिथियम बॅटरीत क्षारसेतू या नावाची वस्तू नसते, पण दोन थरांमध्ये द्रावणात भिजलेला पातळ सच्छिद्र पडदा असतो. आयनांना वाट, इलेक्ट्रॉनांना मज्जाव, हेच त्याचे काम. तो फाटला आणि दोन थर एकमेकांना भिडले की बॅटरी पेट घेऊ शकते. उलट गाडीच्या शिशाच्या बॅटरीला सेतू लागत नाही, कारण दोन्ही पट्ट्या एकाच आम्लात उभ्या असतात आणि तयार होणारे लेड सल्फेट विरघळून दुसरीकडे जात नाही. सेतू कुठे लागतो इतकेच कुठे लागत नाही हेही कळले, तर मुलाला विषय समजला असे म्हणावे.

आणि नको असलेले सेतूही असतात. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ते चांगले माहीत आहेत. खारट दमट हवेची पातळ ओल लोखंडावर बसते आणि त्याच पत्र्यावर असंख्य चिमुकले घट सुरू होतात. इमारतीच्या काँक्रीटमध्ये खारे पाणी मुरले की आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि सिमेंटचे पोपडे पडतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यात तांब्याची त्वचा आणि लोखंडाचा सांगाडा यांच्यामध्ये घातलेले अस्तर खराब झाले, ओल शिरली, आणि लोखंड इतके गंजले की १९८० च्या दशकात सांगाड्याच्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. घरात पितळी नळ थेट जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपला जोडला तर सांधा आधी गंजतो, त्यामागेही हेच कारण आहे.

प्रयोगशाळेचे कुलूप

इतके सगळे ज्या एका नळीत भरले आहे ती नळी मुले पाहत नाहीत, याची कारणे सर्वांना माहीत आहेत. प्रवेश महाविद्यालयात, शिक्षण क्लासमध्ये, हजेरी कागदावर. सीईटी, जेईई, नीट यांच्या बहुपर्यायी प्रश्नांत हात भिजवावे लागत नाहीत. बोर्डाच्या रसायन विषयात ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे; हे तीस गुण ‘मिळतातच’ अशी समजूत झाली आहे. जर्नल बाजारातून किंवा मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याकडून येते. एका कनिष्ठ महाविद्यालयात मी परीक्षक म्हणून गेलो होतो. नाव सांगण्याची गरज नाही, कारण ते एकटे नाही. तेथे रसायनांच्या कपाटाच्या किल्लीची शोधाशोध परीक्षेच्या दिवशी सकाळी चालली होती. किल्ली सापडली तेव्हा मोरचुदाच्या बरणीचे सील शाबूत होते.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. वर्गात मुलांची गर्दी, प्रयोगशाळा परिचराचे पद रिकामे, अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा तगादा, आणि प्रयोग घेतला तर ‘सीईटीला हे येत नाही’ अशी पालकांचीच तक्रार. अशा वेळी आकृती फळ्यावर काढून पुढे जाणाऱ्या शिक्षकाला मी दोष देऊ शकत नाही.

काही जण म्हणतील, आता संगणकावर आभासी प्रयोगशाळा आहेत, चित्रफिती आहेत. त्या जरूर दाखवाव्यात. परंतु पडद्यावरचा घट नेहमी १.१० व्होल्ट दाखवतो. मुलाने हाताने बनवलेला घट ०.९६ दाखवतो, कधी ०.७ दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. असे का झाले? पट्टी मळकी होती का? सेतूत बुडबुडा अडकला का? जोडणीची चिमटी गंजली होती का? या ‘का’पासून विज्ञान सुरू होते. आपण मुलांना कधीही न चुकणारे विज्ञान देतो आणि मग ती कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत गेली की आकडा चुकला हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

हे काही नवे रडगाणे नाही आणि त्यावर उपाय शोधणारेही आपल्याकडे होऊन गेले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबादच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांनी १९७२ पासून तीस वर्षे साध्या साहित्याच्या पेट्या घेऊन, मुलांच्या हातून प्रयोग करून घेत विज्ञान शिकवले. २००२ मध्ये तो कार्यक्रम शासनाने बंद केला. खेड्यातली शाळा जे करू शकली ते शहरातल्या शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयाला अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

सुगडातली वीज

करायचे काय? बोर्डाने प्रात्यक्षिक परीक्षेत एक तरी प्रश्न असा ठेवावा, की मांडलेला घट चालत नाही, दोष शोधा. ज्याने घट कधी जोडलेलाच नाही त्याला तो सुटणार नाही आणि त्याचे पाठांतरही करता येणार नाही. महाविद्यालयांनी प्रयोगशाळा कोणत्या तारखांना उघडली, कोणता प्रयोग झाला, याची नोंद पालकसभेत ठेवावी. आणि पालकांनी निकालाच्या टक्क्यांबरोबर ही वहीही मागावी. शुल्क भरणाऱ्याला एवढा अधिकार आहे.

मात्र बोर्डाची वाट पाहण्याचे कारण नाही. हा प्रयोग आठवी-नववीच्या मुलांना घेऊन घरी किंवा शाळेत होऊ शकतो. मोरचूद आणि झिंक सल्फेट कृषी सेवा केंद्रात मिळते. सेतूसाठी लागणारे पोटॅशियम नायट्रेट म्हणजे शेतकऱ्यांच्या परिचयाचे तेरा-शून्य-पंचेचाळीस हे विद्राव्य खत. तांब्याची जाड तार आणि जस्ताची पट्टी. काचेच्या दोन पेल्यांत अर्धा अर्धा पेला पाणी घेऊन एकात मोरचूद, दुसऱ्यात झिंक सल्फेट दोन-दोन चमचे विरघळवा. पूल म्हणून समईची जाड सुती वात खताच्या दाट द्रावणात भिजवून दोन पेल्यांत टाका. अधिक नेटका सेतू हवा असेल तर गवंडी पातळी बघायला वापरतात तसल्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घेऊन त्यात उकळलेले चायना ग्रास आणि खत यांचे मिश्रण गोठवा.

मल्टिमीटर जोडा. एक व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. वात उचला, आकडा भरकटेल आणि विझेल. पुन्हा टाका, परत येईल. मग मीटर विद्युतप्रवाहाच्या खुणेवर ठेवून एकदा साध्या पाण्यात भिजवलेली वात आणि एकदा खताच्या पाण्यातली वात टाकून पाहा. फरक मुलांना स्वतः सांगू द्या. संक्रांतीनंतर कोपऱ्यात पडून राहणारे सुगडही येथे कामाला येईल. सुगड भिजवून त्यात झिंक सल्फेटचे पाणी आणि जस्त घाला, ते मोरचुदाच्या पेल्यात ठेवा आणि बाहेरून तांबे लावा. डॅनियलचा १८३६ चा घट तुमच्या ओट्यावर तयार होतो, मातीच्या भिंतीचाच सेतू घेऊन.

दोन सूचना महत्त्वाच्या. मोरचूद विषारी आहे. मुलांबरोबर मोठे माणूस हवे, हातमोजे हवेत, वापरलेले पेले आणि भांडी पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. आणि उरलेले पाणी ओढ्यात, विहिरीत किंवा मोरीत ओतू नये, कारण तांबे माशांना आणि पाण्यातल्या जीवांना मारक असते. ते बाटलीत भरून, नाव लिहून ठेवावे; पुढच्या वर्गाला उपयोगी पडेल.

एवढे केले की त्या मुलाला क्षारसेतूची कार्ये पाठ करावी लागणार नाहीत. परीक्षकाने विचारले, सेतू उचलला तर काय होते, तर तो डोळे मिटून वाक्य आठवण्याऐवजी सांगेल, ‘सर, मी उचलून पाहिला आहे.’ ते दोन गुण मग खरोखर त्याचे असतील. आणि उद्या तो माती तपासणारा तंत्रज्ञ झाला, रुग्णालयात रक्ताची तपासणी करू लागला किंवा बॅटरीच्या कारखान्यात उभा राहिला, तर त्याने दिलेल्या आकड्यावर आपल्याला विसंबता येईल.